बोलेल त्याला सुई

शिरूर अनंतपाळहून आलेले ते गृहस्थ तपासायच्या टेबलावर उताणे पडले होते, आणि त्यांची बायको शेजारच्या स्टुलावर बसून तोंडात पदर खुपसून हसत होती. हसेल नाहीतर काय करील? पाळीत अंगावरून फार जातं म्हणून ती आली होती, आणि आमच्या डॉक्टरबाई तिच्या नवऱ्याचं पोट दाबत त्यालाच विचारत होत्या, "शेवटची पाळी कधी आली होती?"

"मला?" गृहस्थ ओरडले.

"मग कोणाला? पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही, कंबर धरते, चक्कर येते, हे सगळं तुम्हीच सांगितलं ना? हिनं तर अजून तोंड उघडलं नाही. म्हणजे दुखणं तुमचंच. जीभ काढा."

गृहस्थांनी जीभ काढली. बाईंनी ती बघितली, तंबाखू सोडा म्हणाल्या, आणि मग त्यांच्या दंडात ब जीवनसत्त्वाची ती लालभडक सुई टोचली. ज्यांनी ती घेतली आहे त्यांना मी काय सांगणार, आणि ज्यांनी घेतली नाही त्यांना सांगून कळणार नाही. सुई जाते सेकंदात, पण दंड दोन दिवस आपल्या मालकीचा राहत नाही.

"आता बाहेर लिंबाखाली बसा," बाई म्हणाल्या. "चहा पाठवते. आता हिचं दुखणं हिच्याकडून ऐकते."

हा बाईंचा नियम होता. बोलेल त्याला सुई. रोगी बाई समोर बसलेली असताना तिच्या वतीनं जो कोणी उत्तर देईल, मग तो नवरा असो, सासू असो, दीर असो, तपासणी त्याची आणि सुईही त्यालाच. लातूरच्या त्या गल्लीत दंड चोळत चहा पिणारी माणसं कडुलिंबाखाली कायम दिसायची. एकदा तर एक सासू, सून आणि सासूची विहीण अशा तिघी आल्या. सूनबाई शेवटपर्यंत बोललीच नाही आणि बाकीच्या दोघी एकमेकींच्या वर आवाज काढत दोन-दोन सुया घेऊन गेल्या.

मी आता नांदेडला असते. लग्नं, सत्कार, निरोपसमारंभ, जिथं माईक तिथं मी. सूत्रसंचालन हा माझा धंदा. वीज गेली, माईक बंद पडला, तरी मंगल कार्यालयाच्या शेवटच्या रांगेतल्या, जिलबी खात बसलेल्या काकांपर्यंत माझा आवाज जातो. लोक म्हणतात, देवाची देणगी. देवाचा काही संबंध नाही. तो आवाज मला बाईंनी काढायला लावला, आणि त्याचा सगळ्यांत पहिला खराखुरा प्रयोग बाईंच्याच जिवावर झाला.

किल्लारीच्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी वडील मला हदगावहून लातूरला घेऊन आले. बरोबर ज्वारीचं पोतं, पत्र्याची ट्रंक आणि मी, याच क्रमानं त्यांना काळजी होती. तेव्हाचं लातूर म्हणजे विचारू नका. गल्लीगल्लीत शिकवण्या. ज्याच्या घरी दोन खोल्या त्यानं त्यांच्या चार केल्या, गच्चीवर पत्रे टाकले, जिन्याखाली कॉट घातली आणि मराठवाडाभरच्या पोरापोरींना भाड्यानं दिली. गंमत अशी की ज्या घरांत आम्हाला ठासून भरलं होतं, त्या घरांचे मालक स्वतः अजून रात्री अंगणात निजत होते. छपराची भीतीही होती आणि छपराला भावही होता.

बाईंनी वरच्या मजल्यावर पाच मुली ठेवल्या होत्या. नावानं कोणी कोणाला ओळखत नव्हतं, ज्या गावची तेच तिचं नाव. मी 'हदगाव'. माझ्या खाटेला खाट लावून 'देगलूर'. ती चष्मेवाली, गणितात हुशार आणि बोलायची वेळ आली की खांबासारखी उभी.

पहिल्या दिवशी बाईंनी मला विचारलं, "जेवणात काय चालत नाही तुला?"

वडील म्हणाले, "तिला काय, काहीबी चालतंय."

बाईंनी खिशातून थर्मामीटर काढला, झटकला आणि वडिलांच्या तोंडात ठेवला. "ओठ मिटा. बोलायचं नाही, फुटला तर पारा पोटात जाईल. हं, तू सांग."

"वांगं," मी म्हणाले. वडिलांचे डोळे विस्फारले. घरी वर्षानुवर्षं आठवड्यातून चारदा वांगं होत होतं आणि मी मुकाट गिळत होते. हे त्यांना थर्मामीटर तोंडात असताना पहिल्यांदा कळलं.

बाई उंच होत्या, हाडकुळ्या, कपाळावर विभूतीची तीन बोटं, हातात पुरुषी घड्याळ, पायात कॅनव्हासचे बूट, साडी कमरेला खोचलेली. डॉक्टरी कोटाच्या एका खिशात स्टेथोस्कोप आणि दुसऱ्यात गूळ-शेंगदाणे. छाती तपासता तपासता त्या शेंगदाणे चावायच्या आणि वर रोग्यालाच म्हणायच्या, "श्वास घे, आवाज करू नको." माहेर उदगीरचं. लग्न केलेलं नव्हतं, तेव्हा सासर नव्हतंच, पण त्या उदगीरला 'माहेर'च म्हणायच्या. फार चिडल्या की मराठीत कानडी मिसळायची आणि मग आम्ही जिन्यावरून पळायचो.

आणि त्या मोटारीत झोपायच्या.

अंगणात एक जुनी पांढरी मोटार होती. मागच्या सीटवर गादी, खिडकीतून बाहेर आलेले बाईंचे दोन पाय, आणि पायांवर मच्छरदाणीचा तुकडा. घराच्या आत त्या फक्त अंघोळीला जात. दवाखानाही त्यांनी बाहेर पडवीत आणला होता. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "बाहेर हवा चांगली लागते." हिवाळ्यात? हिवाळ्यातही हवाच. पाऊस आला की काचा वर करून आत घामाघूम बसायच्या, पण हवेसाठीच. आमची काय हिंमत होती जास्त विचारायची.

भूकंप झाला त्या सकाळीच बाई हीच मोटार घेऊन किल्लारीकडं गेल्या होत्या. तिथं त्या खूप दिवस राहिल्या, असं शेजारच्या काकू सांगायच्या. तिथं काय पाहिलं ते बाईंनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. एवढीच एक गोष्ट त्या पुन्हापुन्हा सांगत, तीही चिडून. तंबूत एक बाई बरगडी मोडून बसली होती. जो येईल तो तिला म्हणायचा, धक्का बसलाय, घाबरलीय, पाणी पाजा. तिला बसलेला धक्का भिंतीचा होता! पण तिला कोणी विचारलंच नाही.

त्यानंतर आमच्या भागात 'भूकंप' हा एक रोगच झाला, आणि तो फक्त बायकांना व्हायचा. पुरुषाला चक्कर आली तर रक्त तपासायचे, साखर बघायचे. बाईला चक्कर आली तर, "भूकंपापासनं असंच करून राहिली." बाईचं पोट दुखलं, भूकंप. झोप लागत नाही, भूकंप. दूध कमी आलं, भूकंप. बाई दोन्ही हात कमरेवर ठेवून अंगणात उभ्या राहायच्या आणि भाषण द्यायच्या, "आधी म्हणायचे वारं लागलं. मग म्हणाले हिस्टेरिया. मग म्हणाले लग्न करा, बरं होईल. लग्न झालं की म्हणाले मूल होऊ द्या, बरं होईल. आता जमीन हलली ते बरंच झालं, नवीन नाव तरी मिळालं!"

'बोलेल त्याला सुई' या नियमाचं मूळ बाईंच्या आजीत होतं. निजामाच्या काळातली गोष्ट. आजी पडद्याआड, हकीमसाहेब ओसरीत. आजीला ओटीपोटात कळा. आजी सांगणार मोलकरणीला, मोलकरीण सांगणार आजेसासूला, आजेसासू सांगणार आजोबांना आणि आजोबा सांगणार हकिमाला. ओटीपोट हा शब्द मोलकरणीलाच लाजिरवाणा वाटला, तिनं 'पोट' केलं. आजेसासू म्हणाली, पोट म्हणजे खाण्याचं काहीतरी. आजोबांपर्यंत आलं, 'नीट जेवत नाही'. हकीम म्हणाले, लाड कमी करा. बाई ही गोष्ट सांगताना पाचही आवाज काढायच्या. हकिमाच्या आवाजाला तर आम्ही लोळायचो. मग शेवटी शेंगदाण्याचं टरफल फुंकून एवढंच म्हणायच्या, "आजी मी पाहिली नाही. तिच्या लाडांचं काय झालं ते कळलं ना तुम्हाला?"



बाईंच्या मते पुढं डॉक्टर झाल्यावरही पडदा तसाच होता, फक्त आता तो पुस्तकात होता. "आमच्या पुस्तकात बाई म्हणजे नुसता मधला भाग," त्या सांगायच्या. "डोकं पुरुषाचं, गुडघा पुरुषाचा, हृदय पुरुषाचं. हृदयविकाराचा रोगी कायम पन्नाशीचा गृहस्थ. छातीत कळ येते, डावा हात जड होतो, आणि तो सोफ्यावर बसतो. बाई कुठं सोफ्यावर बसलीय? तिचा जबडा दुखतो, पाठीत दुखतं, मळमळतं, घाम येतो, आणि ती म्हणते, भाजी चिरून घेते आधी. तिला देतात सोडा आणि पाठवतात घरी. मी पाहिलीत अशी घरं."

संध्याकाळी क्लासवरून आलो की गच्चीवर तालीम व्हायची. आमच्या क्लासचे सर आमच्याकडून हजारो प्रश्न घोकून घेत होते. बाई म्हणायच्या, "सगळी उत्तरं पाठ आहेत तुम्हाला. 'कुठं दुखतं' याचं उत्तर येतं का एकीला तरी? उठा!"

एक मुलगी रोगी, एक डॉक्टर, एक सासू. रोग्यानं उभं राहायचं आणि 'मला' या शब्दापासून सुरुवात करून दुखणं सांगायचं. 'तसं काही नाही', 'थोडंसंच', 'जाऊ द्या' हे शब्द बंद. सासूचं काम मध्येमध्ये बोलून रोग्याला हाणून पाडायचं. बाई पाण्याच्या टाकीवर बसून ओरडायच्या, "आवाज बेंबीतून! नरड्यातून काय चिवचिव करताय? हदगाव, तू सासू!"

सासू कायम मी. माझ्या सासूला तोड नव्हती. डोक्यावर टॉवेल घ्यायचा, एक डोळा बारीक करायचा आणि देगलूरच्या अंगावर जायचं, "काय व्हतंय हिला? खाऊन-पिऊन झोपायला पाहिजे! आमच्या टायमाला न्हाई झालं बाई असलं काई!" देगलूर रोगी असली की 'मला' म्हणायची आणि पुढं सगळं विसरायची. एकदा तर ती घाबरून मलाच म्हणाली, "तुम्हीच सांगा ना, सासूबाई." बाई टाकीवरून पडायच्या राहिल्या.

आता खरी गोष्ट.

बाईंचा धाकटा भाऊ उदगीरला भांड्यांचा व्यापारी होता. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. गोरे, गोलमटोल, स्वभावानं लोणी, आणि जन्माचे भित्रे. पाल दिसली तरी मुक्काम हलवायचे. लातूरला माल घ्यायला आले की बहिणीकडं चहाला थांबत. त्या सकाळीही ते आले होते. हातात पितळी तांब्यांची गच्च भरलेली पिशवी. चहा पीत होते, आणि बाईंची ओपीडी चालू होती.

मध्येच बाई खुर्चीत बसल्या. जबडा हातानं धरला. मग उठून अंगणाच्या कडेला जाऊन ओकल्या. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

"पाठीवर कुणीतरी पाटा ठेवलाय," त्या म्हणाल्या. "हदगाव, रिक्षा आण."

नव्यानंच उघडलेलं, काचेच्या दारांचं एक हॉस्पिटल जवळ होतं. मी, देगलूर आणि आप्पा, आम्ही बाईंना तिथं नेलं. आप्पांनी घाबरून पिशवी सोडलीच नाही, तशीच डाव्या हातात. समोर एक तरुण डॉक्टर आले. चांगला, गोड माणूस, मी त्यांची निंदा करणार नाही. त्यांनी बाईंकडं बघितलं आणि आप्पांना विचारलं, "काय होतंय?"

"आमची अक्का हो," आप्पा म्हणाले. "मळमळतंय तिला. जबडा दुखतोय म्हणती."

"मिस्टर कुठं आहेत?"

"लग्न न्हाई केलं तिनं."

"अच्छा." त्या 'अच्छा'त पूर्ण पुस्तक होतं. "झोप लागते का?"

"कसली झोप! भूकंपापासनं मोटारीत निजती."

"अच्छा!" हा पहिल्यापेक्षा लांब होता.

"सर, त्या स्वतः डॉक्टर आहेत," देगलूर म्हणाली.

"डॉक्टर लोकांनाच जास्त शंका येतात." डॉक्टर हसले. "आई, छातीत दुखतंय का? छातीत?"

"जबड्यात," बाई कशाबशा म्हणाल्या. "पाठीत. ईसीजी काढ."

"काढू ना, काढू. गरज पडली तर काढू." मग पुन्हा आप्पांना, "घाबरू नका. भूकंपाचं टेन्शन आणि गॅस. या वयात बायकांचं होतं असं. झोपेची सुई देतो, घरी न्या, शांत झोपू द्या."

आप्पांनी मान हलवली. "तेच म्हणतो मी. लहानपणापासनं जिवाला लावून घेती."

मी बाईंकडं बघितलं. अख्ख्या लातूरला बोलतं करणारी ती बाई बाकड्यावर बसून नुसता श्वास शोधत होती. बोलायला ताकद नव्हती. डोळे तेवढे माझ्यावर होते, आणि त्या डोळ्यांत मी भीती पाहिली, त्याआधी कधीच न पाहिलेली. गच्चीवर ऐकलेलं सगळं मला आठवत होतं. ही सुई देऊन घरी नेलं तर बाई मोटारीत झोपतील आणि उठणार नाहीत, हे मला आणि देगलूरला कळत होतं. पण आम्ही कोण? दोन वेण्यांच्या, अकरावीतल्या दोन पोरी. मी एकदा म्हणून बघितलं, "सर, हार्टचं असेल." ते म्हणाले, "बाळ, तू अभ्यास कर."

तेव्हा माझ्या अंगात सासू आली. शप्पथ! टॉवेल नव्हता, पण डोळा आपोआप बारीक झाला. डॉक्टरांना सोडून मी आप्पांकडं वळले.

"आप्पा, तुमचं तोंड असं का दिसून राहिलंय?"

"कसं?"

"पांढरंफटक. देगलूर, बघ गं!"

आणि देगलूर, तालमीत एक वाक्य न आठवणारी देगलूर, चष्मा सावरून म्हणाली, "अगं बया! ओठ तर बघ!"

"ओठाला काय झालं?" आप्पांचा आवाज चिरकला.

"छातीत धडधडतंय का हो, आप्पा?"

आप्पांनी हात छातीवर ठेवला. "धडधडतंय की!"

"आणि डावा हात? जड वाटतोय?"

आप्पांनी डावा हात उचलून बघितला. त्यात सकाळपासून पितळी तांब्यांची पिशवी लोंबकळत होती. "लई जड! अगं आई गं, उचलंना झालाय!"

मग जे झालं ते बघायला लातूरनं तिकीट काढायला हवं होतं. पन्नाशीचा गृहस्थ, धडधड, डावा हात. पुस्तकातलं पान दारातून चालत आल्यासारखं डॉक्टर धावले. खुर्ची आली, स्ट्रेचर आलं, सिस्टर आल्या, आणि जे मशीन 'गरज पडली तर' होतं ते चाकांवर खडखडत, वायरी सावरत आलं. आप्पांचा सदरा निघाला. बाई बाकड्यावरून बघत होत्या. एवढ्या दुखण्यातही त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, हे मी कुठल्याही देवळात सांगेन.

आप्पांची पट्टी निघाली. हृदय घोड्यासारखं ठणठणीत.

सिस्टर वायरी काढायला लागल्या. मी पुढं झाले आणि सासूच्याच आवाजात, बेंबीतून, म्हणाले, "सर, दोघं सख्खी भावंडं आहेत. असलं दुखणं घराण्यात असतं म्हणतात. आप्पांच्या काळजीपोटी अक्काचं पण बघून टाका. मशीन आलंच आहे. आप्पांसाठी म्हणून!"

आप्पा टेबलावरून कण्हले, "हाव हाव, माझ्यासाठी बघाच!"

आप्पांसाठी म्हणून डॉक्टरांनी बघितलं. बाईंची पट्टी निघायला लागली. डॉक्टर ती हातात धरून बघत राहिले. या वेळी 'अच्छा' आलं नाही. चेहऱ्यावरचा रंग उतरला, त्यांनी सिस्टरला हाक मारली, आणि मग खरी पळापळ झाली. बाईंना आत नेलं. दार बंद झालं. बाहेर मी आणि देगलूर एकमेकींचा हात इतका घट्ट धरून बसलो होतो की तिची अंगठी माझ्या बोटात रुतली. पिशवी आता देगलूरच्या मांडीवर होती. ती खरंच लई जड होती.

बाई वाचल्या.

आप्पांना काहीच झालं नव्हतं, पण ते घरी जायला तयार होईनात. "बघा ना अजून जरा," म्हणाले. शेवटी बाईंना खोलीत हलवलं तेव्हा शेजारच्या खाटेवर आप्पा निरीक्षणाखाली. उदगीरहून पाहुणे आले ते सगळे आप्पांच्या खाटेभोवती. मोसंब्या आप्पांना, विभूती आप्पांना, 'धंदा कमी करा आता' हा उपदेशही आप्पांना. बाईंना जाता जाता विचारायचे, "अक्का, तुमचं काय, गॅसच ना?" पण अशी बातमी लपते होय? दोन दिवसांत सगळ्या सिस्टरांना बाईंचा नियम ठाऊक झाला. मीच सांगितला, पाचही आवाजांसकट.

सुटी मिळायची सकाळ. आम्ही दोघी डबा घेऊन गेलो होतो. सिस्टर आल्या, हातात ती लाल सुई. आप्पांना अशक्तपणा वाटत होता ना!

"कसं वाटतंय आप्पा?" सिस्टरांनी विचारलं.

"त्याला काय धाड भरलीय?" पलीकडच्या खाटेवरून बाई म्हणाल्या. "जन्माचा भित्रा आहे तो. काही होत नाही त्याला."

मी देगलूरकडं बघितलं, देगलूरनं माझ्याकडं. बाईंच्याही लक्षात आलं. त्यांनी एक क्षण डोळे मिटले, मग बाही वर सरकवली आणि दंड पुढं केला.

"दे. मी बोलले."

सिस्टर गोंधळल्या. तेवढ्यात आप्पा उठून बसले. "न्हाई. सुई माझी हाय," ते म्हणाले. मग बहिणीकडं वळले, आणि आजीच्या काळापासून त्या घरात कुणी कुणाला विचारलं नसेल ते त्यांनी विचारलं. "अक्का, तुला काय व्हतंय? तू सांग."

बाईंनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. त्यांचे कितीतरी रोगी मी तसेच बसलेले पाहिले होते.

"तसं काही नाही," बाई म्हणाल्या.

"बंद शब्द!" मी आणि देगलूर एकदम ओरडलो. "'मला'पासून, बाई! बेंबीतून!"

दारात तरुण डॉक्टर येऊन उभे राहिले होते, सुटीचा कागद हातात घेऊन. बाईंनी त्यांच्याकडं बघितलं नाही. खिडकीकडं बघत, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "मला भूकंपाची भीती वाटते. छपराखाली डोळा लागत नाही. म्हणून मी मोटारीत झोपते. हवा-बिवा काही नाही."

आप्पांनी नाक ओढलं.

"बघा!" डॉक्टर आनंदानं आत आले. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, यांना भूकंपाचं टेन्शन..."

"भीती आहे," बाई म्हणाल्या. "आणि हार्ट ॲटॅक आला. दोन्ही आहे. एका बाईला दोन्ही होऊ शकतं. दोन्ही लिही."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि सुटीच्या कागदावर, आधी जे होतं त्याच्या खाली, दुसरी ओळ लिहिली. बाईंनी कागद मागून घेतला, वाचला आणि उशीखाली ठेवला. मग शेंगदाण्यासाठी कोटाचा खिसा चाचपला, कोट नाही हे आठवलं, आणि सिस्टरांकडं बघितलं. सिस्टरांच्या हातात सुई तशीच होती.

"आणि सिस्टर," बाई म्हणाल्या, "आत्ता माझं दुखणं माझ्या वतीनं कोण सांगायला लागलं होतं?"

सिस्टरांनी डॉक्टरांकडं बघितलं. आप्पांनी बघितलं. देगलूरनं चष्मा पुसून बघितलं. डॉक्टर आधी हसले. मग बघितलं की कोणीच हसत नाही. आणि मी शपथेवर सांगते, त्या गोड माणसानं बाईंच्या उशीखालून बाहेर आलेला सुटीचा कागद नीट आत सरकवला, आणि स्टुलावर बसून शर्टाची बाही वर केली.